आत्याच्या बेसिनवरच्या चार ट्यूब

गुरुवार, गाडीत

पुण्याहून निघालेली इंदूरची गाडी रात्रभर चालते आणि सकाळी पोचवते. त्यामुळे दात गाडीत घासायचे की उतरल्यावर, हा प्रश्न या प्रवासात येतोच. मी सगळं घेतलं होतं. ब्रश, जीभ घासायची पट्टी, रक्तदाबाच्या गोळ्या, आत्याच्या सहस्रचंद्रदर्शनासाठी चांदीचं निरांजन, आणि तिने फोनवर तीनदा बजावलेला मिसळीचा मसाला. पेस्ट तेवढी राहिली. हे लक्षात आलं पहाटे, रतलामला.

रतलामला जाग येतेच, कारण सेव घ्यायला निम्मा डबा फलाटावर उतरतो. समोरच्या बर्थवरच्या काकूंनी परत येऊन पाकीट फोडलं आणि माझ्या ओंजळीत लवंग सेव ओतली. नको म्हणायला तोंड उघडतेय तोवर म्हणाल्या, "खाओ, खाओ, लौंग है, दाँतों के लिए अच्छी." लहानपणी दाढ दुखली की आई लवंगेच्या तेलाचा बोळा दाढेत धरायला लावायची. त्यामुळे ही सेव मला नेहमीच निम्मी खाऊ आणि निम्मं औषध वाटते. न घासलेल्या दातांनी ती चावली आणि मनाशी म्हटलं, चला, तोंड धुणं आटपलं.

शुक्रवार

आत्या रामबागेत राहते. लग्न होऊन ती साठ वर्षांपूर्वी इथे आली. मराठी अजून घट्ट आहे, पण त्यात हिंदी अशी मुरली आहे की ती "हओ" म्हणते आणि "मी भूलली" म्हणते, आणि तिला दुरुस्त करायला गेलं तर "तुमची पुण्याची मराठी फार इस्त्रीची असते बाई" असं ऐकवते. दारातच तिने विचारलं, "तोंड धुतलं का? पोहे तयार आहेत." पेस्ट विसरल्याचं सांगितल्यावर ती हसायलाच लागली. "अगं, पेस्ट? आमच्याकडे? जा, बेसिनवर बघ."

बेसिनवर चार ट्यूब उभ्या होत्या. एकीवर कोरियन अक्षरं, एकीवर जर्मन, दोन अमेरिकेच्या. माझा आतेभाऊ मालवाहू जहाजावर इंजिनिअर आहे. लोक बंदराबंदरातून चॉकलेटं आणतात, फ्रिजला चिकटवायची चित्रं आणतात; हा ज्या गावी उतरेल तिथल्या वाण्याकडून तिथली टूथपेस्ट आणतो. वहिनी म्हणाल्या, "लोकांच्या घरी सेंट येतं, आमच्याकडे हे येतं." दादाचं म्हणणं असं की हॉटेलातलं जेवण पाहुण्यांसाठी असतं, पेस्ट मात्र घरच्यांसाठी असते. गाव खरं काय आहे ते पेस्टमध्ये कळतं. मला हे तेव्हा फार लांबवलेलं वाटलं.

मी हाताला लागली ती लाल ट्यूब घेतली. ह्यूस्टनची. पुदिना नव्हता, चक्क दालचिनी होती, आणि फेस इतका की आरशात मीच दिसेना. आपल्याला दालचिनी म्हटलं की मसालेभात आठवतो. अमेरिकेत मात्र ती गोड बनवर, च्युइंगगममध्ये आणि दातांवर असते. मसालेभाताने चूळ भरल्यासारखं वाटलं. तोंड पुसून थेट टेबलावर गेले, कारण पोहे थांबत नाहीत.

इंदुरी पोहे आपल्या पोह्यांचे सख्खे भाऊ असले तरी वाढलेत दुसऱ्या घरी. फोडणीत बडीशेप, चव जराशी साखरेकडे झुकलेली, आणि पातेलं उकळत्या पाण्यावर ठेवलेलं, म्हणजे तासाभराने खाल्ले तरी मऊच. वर कच्चा कांदा, डाळिंबाचे दाणे, मूठभर सेव. आणि शेवटी जीरावन. जिरं, धने, आमचूर, काळं मीठ, हिंग, सुंठ असं बरंच काही असलेली ही तपकिरी पूड इंदूरमध्ये मिठासारखी वापरतात. आत्या तर मिठाऐवजी वापरते. शेजारच्या बशीत जिलबी. एक घास याचा, एक तुकडा तिचा.

मी आधी जिलबीच उचलली. गरम होती, कडक होती, पाक हनुवटीवर ओघळला, आणि गोड लागली नाही. म्हणजे अगदीच नाही. ओल्या पुठ्ठ्याचा तुकडा चावावा तसं. चहाचा घोट घेतला तर कडू. माझ्या पोटात धस्स झालं, करोनात दहा दिवस चव गेली होती ते आठवलं. मी काही बोलणार तेवढ्यात दादा म्हणाला, "लाल ट्यूब घेतलीस ना?"

मग त्याने सांगितलं. पेस्टला फेस यावा म्हणून त्यात सोडियम लॉरिल सल्फेट घालतात. ते जिभेवरच्या गोड ओळखणाऱ्या जागा काही वेळ बधिर करतं, आणि कडू चवीला आवर घालणारा स्निग्धांशही धुऊन नेतं. गोड जातं आणि कडू मोकाट सुटतं. तिकडे लोक दात घासून लगेच संत्र्याचा रस पितात आणि तोंड वाकडं करतात, त्याचं कारण हेच. "अर्धा तास थांब, येईल जिलबी परत." आली. पावणेदहाला मी दुसरी जिलबी खाल्ली तेव्हा ती जिलबीच होती. पण पहिली वाया गेली याची चुटपुट दिवसभर राहिली. आत्याने निकाल दिला: "म्हणून म्हणते, जिलबी आधी खावी."

आत्या स्वतः ट्यूबच्या वाटेला जात नाही. तिचं लाल दंतमंजन आहे, डाव्या तळहातावर चिमूटभर आणि उजवं बोट. दुपारी गप्पांत सगळी वंशावळ निघाली. आजोळी राखुंडी होती, चुलीतल्या गोवऱ्यांची. मग माकडछाप काळी पावडर आली. मग पांढरी पावडर, जी आम्ही भावंडं घासायची सोडून चाटायचो, आणि डबा लवकर संपतो म्हणून मार खायचो. आत्याच्या सासूबाई मशेरी लावायच्या. "त्यांना दिवसातून चार-पाच वेळा दात घासायचे असायचे," आत्या म्हणाली, आणि आम्ही हसलो. मग हसू जरा ओसरलं, कारण मशेरी म्हणजे भाजलेली तंबाखू, आणि चार वेळा दात घासण्याची ओढ कुठून येत होती ते आज आपल्याला माहीत आहे. त्या काळी बायकांना विडी शोभत नसे. मशेरी शोभायची, कारण ती मोरीत लावायची असे.

सेव बघून दादाला रॉटरडॅम आठवलं. तिथे सकाळी पावाच्या चकतीला लोणी लावतात आणि त्यावर चॉकलेटचे बारीक दाणे भुरभुरतात. मुलंच नव्हे, पिकल्या केसांचे कारकूनसुद्धा. त्याला हागेलस्लाग म्हणतात, म्हणजे गारांचा मारा. "आपली सेव रे," आत्या म्हणाली. दादा म्हणाला, "सेवच, फक्त गोड. दाणे सांडू नयेत म्हणून आधी लोणी लावायचं, एवढाच त्यांचा शहाणपणा." पावावर चॉकलेट ही न्याहारी कशी होऊ शकते, हे वहिनींना पटेना. पोह्याबरोबर जिलबी खाता खाताच त्या हे बोलत होत्या.

संध्याकाळी कोपऱ्यावरच्या बेकरीत गेले. उद्या मिसळ करायची तर पाव हवेत. लादीपाव मागितले, ते संपले होते. मुलगा म्हणाला, "बन दे दूँ?" मी म्हटलं, "हओ." एका दिवसात इंदुरी झाल्याचा आनंद झाला होता ना.

शनिवार

आज कोरियन ट्यूब. खारट! चूळ भरण्याआधीच समुद्रात तोंड घातल्यासारखं वाटलं. कोरियात समुद्राचं मीठ बांबूच्या नळीत ठासतात, तोंड पिवळ्या मातीने लिंपतात आणि भट्टीत भाजतात. उत्तमातलं उत्तम मीठ नऊ वेळा भाजलेलं असतं. ते औषधी मानतात आणि दातांनाही लावतात. आपल्याकडे टीव्हीवर कुणी येऊन तुमच्या पेस्टमध्ये मीठ आहे का असं विचारायच्या कितीतरी आधी माझी आजी मीठ आणि सरसूचं तेल हिरड्यांना चोळायची, त्यामुळे मला ही ट्यूब परकी वाटली नाही. दादा मात्र म्हणाला की त्याला बुसानला पहिल्या दिवशी वाटलं, आपण चुकून काही भलतंच उचललंय.

मग मिसळ. मटकी मोडाची होती, मसाला पुण्याचा, तर्री तांबडीलाल. बनची पिशवी उघडली आणि आतून व्हॅनिलाचा वास आला. बन कापला तर आत लाल-हिरवी टूटीफ्रूटी. मी कपाळाला हात लावला. चूक माझीच, बन म्हणजे काय हे विचारलंच नव्हतं, पण त्या मुलालाही बाईला मिसळीसाठी पाव हवेत हे सांगितलेलं होतं. आता काय? साडेनऊ वाजलेले, आत्या पाटावर बसलेली. तिने टूटीफ्रूटीचा बन तर्रीत बुडवला, वर जीरावन टाकलं, खाल्ला, आणि म्हणाली, "बढिया आहे. पुण्यात असाच देतात का?"

मी अजून त्या धक्क्यातून सावरते आहे. पण दोन बन खाल्ले हे कबूल करते. तिखटाला गोडाने जो हात दिला तो साध्या पावाने दिला नसता.

गोड पाव म्हटल्यावर दादा सुटलाच. पाव हा शब्द पोर्तुगीज पाँव, तो गोव्यावरून आपल्याकडे आला हे बऱ्याच जणांना ठाऊक असतं. तोच शब्द त्याच पोर्तुगीजांनी जपानला नेला, तिथे पावाला पान म्हणतात. पण जपान्यांना तो कोरडा, आंबूस पाव काही रुचेना. शेवटी 1874 मध्ये टोकियोत किमुराया नावाच्या दुकानाने सामुराईचा पेशा सुटलेल्या बेकरच्या हातचा एक पाव काढला. तांदळाच्या दारूचं विरजण घालून फुगवलेला, आणि आत लाल चवळीसारख्या अझुकी दाण्यांचं गोड पुरण. पुढच्या वर्षी तो सम्राट मेइजींना पेश झाला, मधोमध खारवलेलं चेरीचं फूल लावून. आजही योकोहामाच्या बेकरीत दादाला पहिला दिसतो तो हाच आनपान. "म्हणजे पुरणपोळी फुगवली त्यांनी," आत्याने एका वाक्यात जपान संपवलं.

पाव किती गोड असावा, यावर आयर्लंडच्या सर्वोच्च न्यायालयाने 2020 मध्ये निकालच दिला आहे. तिथल्या कायद्यात पावावर कर नाही, पण साखर पिठाच्या वजनाच्या 2 टक्क्यांच्या वर गेली तर तो पाव राहत नाही. एका अमेरिकी सँडविच साखळीच्या पावात ती 10 टक्के निघाली. कोर्टाने सांगितलं, कर भरा, हा पाव नाही. त्या हिशेबाने आमचा टूटीफ्रूटी बन कुठल्या कलमाखाली गेला असता देव जाणे.

उलटं टोक इटलीत. लिव्होर्नोला जहाज लागलं की दादा तिथला पाव घेतो, तर त्यात मीठच नाही. तोस्काना प्रांतात शतकानुशतकं पाव अळणीच भाजतात, कारण बरोबरीचं मांस आणि चीज खारट असतं. पोळीला मीठ नाही म्हणून आपण कधी तक्रार केली का? भाजी आहे ना. हे ऐकून मला सकाळची चूळ आठवली. कुठे पाव अळणी आणि कुठे टूथपेस्ट खारट.

साखरेवरून निघालेलं बोलणं सॅकरीनवर गेलं, आणि ही गोष्ट मला इतकी आवडली की मी दादाकडून दोनदा वदवून घेतली. 1879 साल, बाल्टिमोरचं जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठ. कॉन्स्टंटिन फालबर्ग नावाचा रसायनशास्त्रज्ञ दिवसभर डांबरातून निघणाऱ्या पदार्थांवर काम करून जेवायला बसला. पावाचा तुकडा मोडून तोंडात घातला, तो गोड. आधी त्याला वाटलं, हा केक किंवा मिठाई असेल. मग लक्षात आलं, हात धुवायचे राहिलेत. गोडवा बोटांवरचा होता. तो प्रयोगशाळेत परत गेला आणि एकेक भांडं चाखत सुटला. (आज कुणी असं केलं तर त्याला हाकलून देतील.) तेच सॅकरीन. आणि आपली पेस्ट गोड लागते ती बहुतेक वेळा त्याच्याचमुळे, शिवाय सॉर्बिटॉलमुळे. साखर घालून चालत नाही, कारण तोंडातले जंतू साखर खाऊन आम्ल सोडतात आणि दात किडतात. म्हणजे लहानपणी आम्ही तळहातावरून जे चाटायचो ते एका माणसाने हात न धुतल्याचं फळ होतं. वहिनी म्हणाल्या, "आणि तुम्ही मुलांना रोज ओरडता, हात धुवा म्हणून."

दुपारी लालबाग राजवाडा झाला. होळकरांनी 1886 ते 1921 इतकी वर्षं बांधला, फाटक बकिंगहॅम पॅलेसच्या फाटकासारखं. झुंबरं, गालिचे, सगळं आहे. माझ्या लक्षात राहिलं ते एवढंच की स्वयंपाकघर नदीच्या पलीकडे होतं आणि तिथून महालात यायला जमिनीखालून भुयार. गरम फुलका त्या भुयारातून पोचेपर्यंत काय उरत असेल?

रात्री सराफा. दिवसा सोन्याचांदीची पेढी, आणि शटर खाली आली की त्याच ओट्यांवर कढया. थंडी कडाक्याची, त्यामुळे गराडूच्या गाड्यावर झुंबड. गराडू म्हणजे एक कंद, तळून, लिंबू पिळून, अर्थातच जीरावन मारून. भुट्ट्याचा कीस घेतला, कोवळा मका किसून दुधात शिजवलेला, तिखटही आणि गोडसरही. समोर जलेबा. जिलबी नव्हे, जलेबा. एकेक ताटलीएवढा, कढईत त्याला दोन झारे लागतात. आणि मग माझी फजिती. घसा कोरडा पडला म्हणून मी शिकंजी मागितली. आमच्या डोक्यात शिकंजी म्हणजे लिंबू, काळं मीठ, बर्फ. पेल्यात आलं आटवलेलं दूध, केशर, वेलची, सुकामेवा, चमचा उभा राहील इतकं दाट. लिंबाचा मागमूस नाही. तहान राहिली बाजूला, पोट भरलं.

तिथे उभ्या उभ्या दादा म्हणाला की जपानी माणसाला मिठाई दिली आणि ती आवडली, तर तो कौतुकाने म्हणतो, फार गोड नाहीये. आत्या आमच्याबरोबर नव्हती, पण घरी आल्यावर तिला हे सांगितलं. ती मफलर सोडवता सोडवता म्हणाली, "फार गोड नाही, तर मग करायचं कशाला?"

रविवार

आज कार्यक्रम. ऐंशी वर्षं आणि वर दहा महिने झाले की माणसाने हजार पौर्णिमा पाहिलेल्या असतात असा हिशेब. बाथरूमला सकाळपासून रांग. घाईत मी दुसरी अमेरिकन, हिरव्या टोपणाची ट्यूब दाबली. तोंडात घातली आणि थबकले. वास ओळखीचा होता, पण दाताशी त्याचा संबंध नव्हता. तेवढ्यात बाहेरच्या खोलीतून आत्याचा आवाज आला, "अरे, कुणाचा पाय मुरगळला? सकाळी सकाळी आयोडेक्स कोण लावतंय?"

तेच ते. उत्तर अमेरिकेत विंटरग्रीन नावाचं झुडूप उगवतं, त्याचा वास तिथल्या मुलांना च्युइंगगमचा, सरबताचा, खाऊचा वास वाटतो. त्याच्या तेलातलं मुख्य रसायन मेथिल सॅलिसिलेट. आपल्याकडे तेच गंधपुरा तेल म्हणून मुरगळल्या-लचकल्यावर लावायच्या मलमांत असतं. एकच रेणू. तिकडच्या नाकात तो खाऊ म्हणून जातो आणि आमच्या नाकात गुडघेदुखी म्हणून. मी चार वेळा चूळ भरली तरी ओवाळताना मला आपण मलम लावलेल्या तोंडाने "औक्षवंत व्हा" म्हणतोय असंच वाटत होतं. दादाची परवाची गोष्ट, पेस्ट घरच्यांसाठी असते ही, तेव्हा पटली.

पुण्याच्या पाहुण्यांना पुरणपोळी अपेक्षित होती. आत्याने बजावलं होतं की पुरणपोळी होईल, पण पंगत दाल-बाफल्याचीच. मी मागच्या अंगणात जाऊन आचाऱ्यापाशी बसले, कारण बाफला मी खाल्ला होता, होताना पाहिला नव्हता. जाडसर कणीक, त्यात मक्याचं पीठ, ओवा, हळद, मीठ, तुपाचं मोहन. लिंबापेक्षा मोठे गोळे वळून उकळत्या पाण्यात सोडले. आधी तळाला बसले, मग एकेक वर आला, फुगलेला, गुळगुळीत, पिवळसर. ते फडक्यावर निथळत ठेवले आणि मग गोवऱ्यांच्या निखाऱ्यावर. आचारी बोटांनी उलटवत होता, चिमटा बाजूलाच पडलेला. कवच तडकलं की त्याने एक उचलला, राख झटकली, दोन तळव्यांत दाबला. चार भेगा पडल्या आणि आतून वाफ निघाली. मग तो तुपाच्या पातेल्यात बुडवला आणि तिथेच सोडून दिला. बाटी आणि बाफला यांत फरक एवढाच, बाटी थेट भाजतात, बाफला आधी उकडतात. पण खाताना हा फरक मोठा असतो. बाटी कडक, बाफला मऊ, आणि तूप पितो स्पंजासारखा.

दादा मागे येऊन उभा होता. म्हणाला, "न्यूयॉर्कला बेगल बघितला तेव्हा मी तिथल्या माणसाला विचारलं होतं, हे बाफले कुणी शिकवले तुम्हाला?" बेगलही आधी पाण्यात उकळतात, मग भाजतात. उकळल्याने वरच्या थरातल्या पिठाचा चिकट थर होतो आणि पाव फार फुगत नाही, चिवट राहतो. तो मूळ पोलंडच्या ज्यू वस्त्यांमधला. क्राकूवच्या ज्यू समाजाच्या 1610 सालच्या नियमांत त्याचा उल्लेख आहे. माळवा आणि पोलंड एकमेकांना विचारायला गेले नसणार. कणीक आणि उकळतं पाणी दोन्हीकडे होतं, एवढं पुरे.

पंगतीत बाफला हाताने चुरायचा, वर डाळ, वर आणखी तूप. लाडू आलटून पालटून. पुण्याच्या मामांनी दुसऱ्या बाफल्याला हात जोडले. पुरणपोळी आली तेव्हा जागाच नव्हती.

आत्याची नातसून दोन महिन्यांची बाळंतीण आहे, ती बाजूच्या खोलीत बसून बाळंतशेप चघळत होती. तिला दादाने डच लोकांचं सांगितलं. तिथे बाळ झालं की भेटायला आलेल्यांना टोस्टवर लोणी लावून त्यावर साखरेत घोळवलेली बडीशेपेच्या जातीची दाणी देतात. मुलगी असेल तर गुलाबी-पांढरी, मुलगा असेल तर निळी-पांढरी. त्यांच्याकडेही जुन्या बायका सांगायच्या, याने दूध येतं. नातसून म्हणाली, "म्हणजे तिथेसुद्धा हे चघळायला लावतात?" तिच्या आवाजात जगभरच्या सासवांबद्दल तक्रार होती.

सोमवार

दुपारची गाडी. राहिलेली ट्यूब जर्मन होती, हॅम्बुर्गची, नारिंगी. पुदिना नाही. तिकडे होमिओपॅथीचे डॉक्टर औषध चालू असताना पुदिना वर्ज्य सांगतात, आपल्याकडे त्या साबुदाण्यांबरोबर कॉफी आणि कच्चा कांदा बंद करतात तसा. म्हणून पुदिना नसलेल्या पेस्टी निघाल्या. पुदिन्याच्या जागी काय, तर बडीशेप. फेसही जेमतेम. ब्रश फिरवला आणि मला एकदम शुक्रवारची सकाळ आठवली. हे तर पोहे.

आत्या मंजनाची डबी घेऊन माझ्या मागेच उभी होती. "कसला वास येतोय?"

"बडीशेपेचा. घेतेस का?"

तिने ट्यूबकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि बोट पुढे केलं. मी हरभऱ्याएवढी लावली. तिने ती वरच्या हिरडीला चोळली, खालच्या हिरडीला चोळली, डोळे मिटून जीभ टाळूला लावली, आणि गिळली.

"आत्या! थुंकायचं असतं."

"का? वाईट नाहीये." ती थोडा वेळ विचार करत राहिली. "जीरावन पाहिजे होतं जरासं."

बोट पदराला पुसून ती पोह्याखालचं पाणी उकळलं का ते बघायला गेली.